हौशी नाटकात सगळ्यांना सामावून घेणारं कास्टिंग करायचंय? मग आधी कामाचा क्रम बदला

"ऑडिशनला सर्वांचं स्वागत आहे" एवढं लिहिलं की झालं, असं बऱ्याच ग्रुपना वाटतं. मग नेहमीचेच नऊ जण येतात, त्यातले सात घेतले जातात आणि मीटिंगमधे कोणीतरी म्हणतं, आपण तर दार उघडं ठेवलं होतं, कोणी आलंच नाही त्याला आपण काय करणार. दार उघडं होतं हे खरंय, पण दारापर्यंत अठरा पायऱ्या होत्या.

मी स्वतः स्टेजवर जात नाही, बरीच वर्षं विंगेत उभी राहून क्यू देते, म्हणजे कोणी कधी स्टेजवर जायचं त्याची खूण. तिथून बघितलेल्या बहुतेक चुका क्रमाच्या आहेत. आधी कास्टिंग, मग हॉल, मग तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येतं की आईचं काम करणाऱ्या बाई व्हीलचेअर वापरतात आणि नेपथ्यात तर दोन लेव्हल आहेत. मग घाईघाईत एक फळी टाकली जाते, बाईंना अपराधी वाटतं, दिग्दर्शकाची चिडचिड होते आणि पुढच्या वेळी "नको रे बाबा, त्रास होतो" असं ठरतं. खाली दिलेला क्रम पाळला तर यातलं निम्मं होतच नाही. पगारी कोणी नाही, वेळ फक्त संध्याकाळचा, पैसे कमी, असं गृहीत धरूनच लिहिलंय.

पायरी १ : जाहिरातीच्या आधी कमिटीने ठरवायच्या गोष्टी

पहिला प्रश्न, या नाटकापुरतं आपल्याला नेमकं काय करायचंय? कारण "सगळ्यांना घेऊ" या एका वाक्यात तीन वेगवेगळी कामं लपलेली असतात. एक, कलाकाराचं रंगरूप, वय, लिंग, शरीर याकडे न बघता जो चांगलं करेल त्याला भूमिका देणं. दोन, मुद्दाम बघून देणं, म्हणजे या भूमिकेत ही व्यक्ती आली तर गोष्टीला वेगळा अर्थ येतो आणि तो आपल्याला हवाय. तीन, पात्राची ओळखच गोष्टीचा कणा असते, पात्र बहिरं आहे, ट्रान्स आहे, आणि ते काम त्याच आयुष्यातून आलेल्या माणसाने करावं असं ठरवणं. एकाच नाटकात तिन्ही असू शकतात, पण कुठल्या भूमिकेला कुठलं हे आधी ठरलेलं नसेल तर निवडीच्या दिवशी प्रत्येक जण आपापलं डोक्यात धरून भांडतो.

दुसरं, निवड कोण करणार. एकट्या दिग्दर्शकाने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन जण ठेवा, त्यातला एक तरी ग्रुपच्या बाहेरचा. ज्याचा भाऊ, बायको, मुलगी ऑडिशनला येणार आहे तो त्या भूमिकेपुरता बाजूला बसेल हे आत्ताच लिहून ठेवा, नंतर सांगितलं तर माणूस दुखावतो. आणि एखादी भूमिका आधीच कोणाला कबूल केली असेल (करतात, सगळेच करतात) तर जाहिरातीत तसं लिहा. ठरलेल्या भूमिकेसाठी वीस जणांना वाचायला लावणं हा फार वाईट प्रकार आहे आणि नवीन माणूस त्यानंतर परत येत नाही.

तिसरं, एक माणूस नेमा ज्याच्याकडे सोयींची सगळी जबाबदारी. त्याचा नंबर जाहिरातीत जाईल, कोणाला काय लागतं ते त्याला माहीत असेल. हा माणूस दिग्दर्शक नको, कारण आपल्याला निवडणाऱ्याच्या तोंडावर "मला हे जमत नाही" म्हणायला कोणीही कचरतं. स्टेज मॅनेजरही नको, शेवटच्या आठवड्यात तो कोणाचंच ऐकायच्या अवस्थेत नसतो, अनुभवाने सांगते.

पैशांचं एका ओळीत सांगते. सोयींचा खर्च नेपथ्याच्या आधी बाजूला काढा, उरलेल्यातून करू म्हटलं की उरत नाही.

पायरी २ : संहिता हातात घेऊन बसा

पात्रांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: याचं लिंग, वय, शरीर, रंग, बोली बदलली तर गोष्टीतलं काय मोडतं? "तसंच असतं नेहमी" हे उत्तर धरायचं नाही, कुठला संवाद मोडतो तो दाखवायचा. डॉक्टर, इन्स्पेक्टर, शेजारी, वकील, मॅनेजर यांच्यासमोर बहुतेक वेळा काहीच लिहिता येत नाही. म्हणजे या भूमिका कोणीही करू शकतं आणि जाहिरातीत तसंच लिहायचं.

याच वाचनात शरीरावरचे, तोतरेपणावरचे, रंगावरचे विनोदही खुणा करून ठेवा. काही ठेवावेसे वाटतील, काही नुसते सवयीने पडलेले असतात. तालमीत ज्याच्यावर तो विनोद आहे तो माणूस समोर बसलेला असताना पहिल्यांदा त्याचा विचार करायची वेळ येऊ नये.

सावधान : संवाद कापायचे किंवा पात्राचं लिंग बदलायचं असेल तर लेखकाची किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी कास्टिंगच्या आधी घ्या. "हौशी प्रयोग आहे, कोण बघतंय" हे चालत नाही. नाटककार सॅम्युअल बेकेटने १९८८ मधे एका डच नाट्यसंस्थेला याच कारणावरून कोर्टात खेचलं होतं, पुरुषांच्या भूमिका बायका करत होत्या म्हणून. तो खटला बेकेटच हरला ही गोष्ट वेगळी, पण कोर्टात जायची वेळ कुठल्या हौशी ग्रुपला परवडणारे?

आता संहितेची प्रत, जिथे हमखास घोळ होतो. फोटो काढून किंवा स्कॅन करून केलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला (अंध माणसाला फोनवरचा, कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती कोरी पानं असतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाईप केलेली फाईलही तशीच, आपल्याला छान देवनागरी दिसतं पण स्क्रीन रीडर भलतीच अक्षरं बडबडतो. म्हणून युनिकोडमधे टाईप केलेली साधी टेक्स्ट किंवा वर्ड फाईल एकदा करून ठेवा. तीच मोठ्या अक्षरात छापता येते (१८ पॉइंटच्या खाली जाऊ नका), तीच ब्रेलला पाठवता येते, डिस्लेक्सिया असलेला, म्हणजे वाचणं अवघड जाणारा नट तीच फोनला वाचून दाखवायला सांगतो.

आणि पान नंबर विसरा. मोठ्या अक्षरातल्या प्रतीचं पान २३ आणि दिग्दर्शकाच्या प्रतीचं पान २३ वेगळं असतं, ब्रेलचं तर अजूनच वेगळं. संवादांना नंबर द्या, "प्रवेश २, संवाद ४०" म्हटलं की सगळे एकाच जागी येतात. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि त्याचा फायदा सगळ्यांना होतो, डोळस नटही पान शोधत बसतातच की.

पायरी ३ : टेप घेऊन जागा मोजा

हॉल बुक करण्याच्या आधी, नंतर नाही. फाटकापासून सुरुवात करा आणि ऑडिशनची खोली, तालमीची खोली, ग्रीन रूम, टॉयलेट, विंग, स्टेज, प्रेक्षागृह असं क्रमाने चालत जा. प्रत्येक पायरी, उंबरठा, अरुंद दार कागदावर उतरवा.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असेल तर उत्तम, ८० च्या खाली अडचण सुरू होते. मोजताना दाराची चौकट मोजू नका, दार उघडल्यावर प्रत्यक्ष जायला किती जागा उरते ते मोजा. व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण १५० सेंटीमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं, टॉयलेटमधे आणि विंगेत ही जागा असते का ते बघा. विंगेत ती असते पण तिथे आपण प्रॉपर्टीचं टेबल ठेवलेलं असतं.

रॅम्पचं गणित सगळेच चुकवतात. उतार १ ला १२ धरतात, म्हणजे १ सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी. स्टेज ९० सेंटीमीटर उंच असेल तर जवळजवळ ११ मीटरचा रॅम्प लागतो, त्यात मधे थांबायला सपाट जागा वेगळी. सहा फुटी फळी टाकून होणारं काम हे नाही, तिच्यावरून खुर्ची वर जात नाही आणि खाली येताना थांबत नाही. एवढा लांब रॅम्प बसत नसेल तर सरळ जमिनीवर नाटक करा, प्रेक्षक तीन बाजूंनी बसवा. आम्ही एकदा नाईलाजाने तसं केलं आणि खरं सांगायचं तर ते नाटक वर कधीच इतकं चांगलं झालं नसतं.

सावधान : "चार जण मिळून उचलू ना त्यांना" हा पर्याय धरू नका. उचलणाऱ्यांची पाठ जाते, खुर्ची हातातून निसटते, आणि प्रत्येक एन्ट्रीला चार पोरांच्या हातावर स्टेजवर यायचं कोणाला आवडेल?

फक्त प्रेक्षागृह सोयीचं असून भागत नाही हे मोठमोठ्या ठिकाणीही कळलेलं नसतं. २०१९ साली ॲली स्ट्रोकरला अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्रीला मिळालेला तो पहिला टोनी. पण प्रेक्षागृहातून स्टेजवर जायला रॅम्प नव्हता, त्यामुळे बाकीच्यांसारखं खुर्चीतून उठून टाळ्यांमधून वर जाणं तिच्या वाट्याला आलं नाही, ती स्टेजच्या मागेच थांबलेली होती.

तपासून बघा : लाईटची केबिन कुठे आहे? शिडीवरून जायची असेल तर लाईट ऑपरेटरची जागा सुद्धा निम्म्या लोकांना बंद झाली. बोर्ड खाली प्रेक्षागृहाच्या मागच्या कोपऱ्यात आणता येतो का विचारा, बऱ्याचदा नुसती केबल लांब लागते.

पायरी ४ : जाहिरात

आता लिहा. आता तुमच्याकडे लिहायला काहीतरी खरं आहे. असं काहीतरी:

"ऑडिशन तळमजल्यावर आहे, आत यायला पायरी नाही, टॉयलेट त्याच मजल्यावर, दार ९० सेंमी. वाचायचा उतारा तीन दिवस आधी मिळेल, टेक्स्ट फाईल आणि मोठ्या अक्षरात. सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा असेल तर दहा दिवस आधी कळवा. तालमी आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेनऊ, त्यानंतर कोणालाही थांबवणार नाही. 'मुलगा' ही भूमिका ठरलेली आहे, बाकी सगळ्या खुल्या. डॉक्टर, घरमालक आणि शेजारी ही पात्रं कोणत्याही लिंगाचा, वयाचा कलाकार करू शकतो."

सोय नसेल तर तेही लिहा. "स्टेजला पाच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, पण या नाटकात काही भूमिका जमिनीवरच आहेत" असं वाचून माणूस स्वतः ठरवू शकतो. येऊन परत जावं लागणं जास्त वाईट.

नेहमीच्या चुका पटापट सांगते. फक्त पोस्टरचा फोटो फॉरवर्ड करणं, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, खाली तोच मजकूर टाईप करा. "सडपातळ, गोरी, वय २२" असलं लिहिणं, त्याऐवजी "विशीतली वाटेल अशी" एवढंच पुरतं. आणि आपल्याच ग्रुपवर मेसेज टाकून शांत बसणं. ज्यांनी आजवर आपल्याकडे पाऊल टाकलेलं नाही ते आपल्या ग्रुपवर कसे असतील? त्यांच्या संस्थांमधे, वस्त्यांमधे, कट्ट्यांवर जाऊन बोलायला लागतं, ते सुद्धा ऑडिशनच्या दोन महिने आधी आणि एकदा नाही. पहिल्या वेळी कोणी येणार नाही हे धरून चाला. त्यांना आधी तुमचं एखादं नाटक बघायला बोलवा, नीट बसता आलं, कोणी टक लावून बघितलं नाही असा अनुभव आला की मग ऑडिशनचा विचार होतो.

फॉर्ममधे आजाराचं नाव विचारू नका. एकच प्रश्न पुरतो: "ऑडिशन आणि तालीम तुम्हाला नीट करता यावी म्हणून आम्ही काय करावं?" हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा. कोणी लिहितं लहान मूल बरोबर असेल, कोणी लिहितं शेवटची गाडी पावणेदहाची आहे, कोणी लिहितं डाव्या कानाने ऐकू येत नाही तर उजवीकडून बोला.

पायरी ५ : ऑडिशनचा दिवस

उतारा आधी द्या, सगळ्यांना. हातात कागद देऊन "वाच" म्हणण्यात आपण अभिनय तपासत नाही, वाचनाचा वेग तपासतो, आणि प्रयोगात कोणीही वाचून दाखवणार नसतं. ज्याला वाचणं अवघड जातं त्याला ऐकून पाठ करून यायची मुभा द्या.

खोलीत खिडकीला पाठ करून बसू नका, ओठ वाचणाऱ्याला तुमचा चेहरा काळा दिसतो. दुभाषा असेल तर नटाकडे बघून बोला, "त्याला विचारा की" असं दुभाष्याला सांगू नका, नट समोरच आहे. दुभाष्यामुळे वेळ जास्त लागतो म्हणून त्या नटाला जास्त मिनिटं द्या. दिवसभराची ऑडिशन असेल तर दोन दुभाषे लागतील, वीस ते तीस मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात, एकटा माणूस तासन् तास ते करू शकत नाही.

आणि बोली. वाचताना "ण"चा "न" झाला की पॅनेलवरचे चेहरे कसे होतात ते मी बघितलंय, नट अजून वाक्य संपवायचाय आणि इकडे पेन खाली ठेवलेलं असतं. पात्राला ती प्रमाणभाषा खरंच लागते का? लागत असेल तर ती तालमीत शिकवता येते. पायरी २ मधे त्या पात्रासमोर काही लिहिलेलं नसेल तर बोलीवरून मार्क कापायचे नाहीत, संपला विषय.

प्रत्येक पॅनेलवाल्याने आपापल्या कागदावर लिहायचं, बोलायचं नाही. चार रकाने ठेवा: समजून घेतलं का, ऐकतो का, दिलेली सूचना घेऊन बदल केला का, समोरच्याबरोबर जुळतं का. "स्टेजवर शोभेल" असा रकाना कोणी टाकायला लागलं तर त्याला त्याचा अर्थ लिहायला सांगा, गप्प बसेल.

पायरी ६ : निवड

इथे थोडं थांबून लिहिते, कारण सगळी गडबड इथेच होते.

आधी सगळ्यांचे कागद टेबलावर, मग चर्चा. नाहीतर दिग्दर्शक पहिलं नाव घेतो आणि बाकीचे दोघे माना हलवतात.

चर्चेत काही वाक्यं आली की हात वर करायचा असं ठरवून घ्या. "तिला झेपेल का?" हे तिला विचारा, फोन आहे. "प्रेक्षकांना पटेल का?" आई गोरी आणि मुलगा काळा असला तर प्रेक्षक पहिली पाच मिनिटं बघतात आणि मग विसरतात, रंगवलेल्या पडद्याला जंगल मानणारे लोक आहेत ते. "बिचारा एवढा आलाय तर देऊ काहीतरी" हे सगळ्यात घातक, कारण दयेने दिलेली भूमिका त्या माणसाला पहिल्याच तालमीत कळते, आणि काम बरं झालं नाही तर दोष त्याच्या शरीरावर जातो.

एकदा यादी तयार झाली की ती नावं विसरून लांबून बघा. चोर कोण, नोकर कोण, वेडा कोण, प्रेमात पडणारे कोण. न बघता कास्टिंग केलं म्हणता म्हणता ग्रुपमधला एकुलता एक सावळा नट गुंड आणि एकुलती एक जाड मुलगी विनोदी मावशी झालेली असते. प्रत्येक निवड सुटी सुटी बघितली तर बरोबर, सगळं चित्र मात्र लाज आणणारं. असं दिसलं तर दोन भूमिका अदलाबदल करून बघा, बऱ्याचदा नाटक सुधारतं.

पात्र अंध आहे आणि अंध कलाकार आलाच नाही तर? माझं मत, आधी तारीख पुढे ढकलून परत शोधा. तरी नाही मिळाला तर दुसरं नाटक घ्या. डोळस नटाला काळा चष्मा घालून काठी द्यायची आणि आपण समावेशक नाटक केलं म्हणायचं हे करू नका. यावर ग्रुपमधे वाद होतील, हौशी नाटकात एवढं कुठे म्हणणारे असतीलच. चेहरा काळा करणारा मेकअप मात्र वादाचाही विषय नाही, नकोच.

बहिऱ्या कलाकाराला मोठी भूमिका द्यायची तर एक चांगली युक्ती आहे: एकच पात्र दोघांनी करायचं, एक सांकेतिक भाषेत, दुसरा त्याच्या बाजूला किंवा मागे राहून आवाजात. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरने ही पद्धत संगीत नाटकांमधे सुद्धा वापरली आहे. पण हे कास्टिंगच्या वेळीच ठरवायला लागतं, आवाज देणाराही ऑडिशनमधूनच घ्यायचा असतो.

तपासून बघा : ज्यांना घेतलं नाही त्यांना फोन केला का? ग्रुपवर यादी टाकून मोकळं होऊ नका. बॅकस्टेजचं काम विचारायचं असेल तर दोन दिवसांनी, वेगळं विचारा. नकाराच्या त्याच फोनमधे "पण तुम्ही कपडेपट बघा ना" म्हटलं की ते उत्तेजनार्थ बक्षीस वाटतं.

पायरी ७ : तालमी

पहिल्या दिवशी वाचनाच्या आधी प्रत्येकाने सांगायचं, मला काय म्हणून हाक मारायची. आपल्या भाषेत "आलास का", "आलीस का" असं बऱ्याच क्रियापदांत लिंग येतं, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही, चुकलं तर दिवसातून पन्नास वेळा चुकतं. अंध म्हणायचं, दृष्टिहीन म्हणायचं का आणखी काही, हेही त्या माणसालाच विचारा.

अंध कलाकार असेल तर ब्लॉकिंगला (स्टेजवर कोण कुठे उभं राहणार, कुठून कुठे जाणार ते बसवणं) मधल्या कुठल्यातरी दिवशी सुरुवात करू नका, एक पूर्ण तालीम फक्त जागा ओळखायला द्या. आमच्याकडच्या एका अंध नटाने सेट पावलांनी मोजला होता, सोफ्यापासून दारापर्यंत सात, दारापासून टेबल चार. त्याच्या महत्त्वाच्या जागांवर आम्ही सुतळी टाकून वरून जाड टेप चिकटवला, चपलेतूनही लागायचा. स्टेजच्या कडेपासून साधारण दोन फूट आत तशीच एक लांब पट्टी, ती पायाला लागली की थांबायचं. तीन आठवडे सुरळीत गेले. मग रंगीत तालमीला कोणीतरी चांगल्या मनाने सोफा अर्धा फूट पुढे सरकवला, प्रेक्षकांना नीट दिसावं म्हणून. तो सातव्या पावलाला दाराच्या चौकटीवर आपटला, कपाळावर टेंगूळ. वाक्य मात्र पूर्ण केलं त्याने. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, फर्निचरच्या चारही पायांना टेपची खूण, आणि ती खूण फक्त एकच माणूस हलवणार.

वाट दाखवताना हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, तो धरेल.

बहिऱ्या कलाकाराचा क्यू हा दुसरा किस्सा. सुरुवातीला आम्ही मागून खांद्यावर थाप मारायचो, अंधारात मागून कोणी थाप मारली की माणूस दचकतो, तो दोनदा दचकत स्टेजवर गेला. मग विंगेत डोळ्यांच्या उंचीवर एक छोटा लाल दिवा लावला, स्विच माझ्याकडे. दिवा लागला की तयार राहा, विझला की जा. दहा मिनिटांचं काम, आणि नंतर ऐकू येणारे नट सुद्धा मला लावा म्हणायला लागले. स्टेजवर असताना क्यू दृश्यातच शोधा, समोरच्याने ग्लास टेबलावर ठेवला, खुर्चीतून उठला, असं काहीतरी जे त्याला दिसतं.

तालमीचं वेळापत्रक पूर्ण महिन्याचं आधी द्या, कोणाचा प्रवेश कधी ते लिहून, आणि पाळा. "आज जरा थांबू" यात सगळ्यात आधी गळतात ते ज्यांना सोडायला यायला माणूस लागतो, ज्यांना घरी मूल आहे, ज्यांना ठरावीक वेळेला औषध घ्यायचंय. दर तासाला दहा मिनिटं सुट्टी, दुभाषा असेल तर नक्कीच. एका वेळी एकानेच बोलायचं. तेवढी शिस्त लागायला दोन आठवडे जातात, हौशी ग्रुपमधे तर तीन.

सावधान : स्पर्श, मारामारी, मिठी, जवळीक असलेले प्रवेश आधी बोलून, मग हळू, मग वेगात. व्हीलचेअर किंवा काठी हा त्या माणसाच्या शरीराचा भाग समजा, न विचारता हात लावायचा नाही, त्यावर कोट टाकायचा नाही, विंगेत ती "थोडी बाजूला" ठेवायची नाही.

पायरी ८ : तांत्रिक तालीम आणि प्रयोग

लाईटवाल्याला स्ट्रोबची हौस असते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा प्रकाश काही लोकांना फिट आणू शकतो, प्रेक्षकांत आणि नटांतही. शक्यतो वापरूच नका. वापरणार असाल तर तिकिटावर, दारावर आणि सुरुवातीच्या घोषणेत सांगा, आणि नटांना पहिल्या तालमीत विचारा, तांत्रिक तालमीच्या रात्री नाही.

ब्लॅकआऊटमधे सांकेतिक भाषा दिसत नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही बघा. दुभाष्यावर एक लहानसा स्पॉट शेवटपर्यंत ठेवायला लागतो. दुभाष्याला मंचाच्या कडेला असा उभा करा की बघणाऱ्याला तो आणि नट एका नजरेत येतील, पार कोपऱ्यात टाकलात तर मान टेनिसच्या मॅचसारखी फिरते. त्याला संहिता काही आठवडे आधी द्या आणि किमान दोन तालमी बघू द्या.

ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी संवादांच्या पट्ट्या प्रोजेक्टरवर दाखवणार असाल तर एका स्लाईडवर दोनच ओळी. विनोदाची शेवटची ओळ वेगळ्या स्लाईडवर, नाहीतर नट बोलायच्या आधीच हशा पडतो आणि नट पुढचे दोन प्रवेश तुमच्याकडे रागाने बघतो. स्लाईड बदलणारा माणूस तालमींना आलेला हवा, कारण कोणीतरी एक पान गाळणारच आहे.

अंध प्रेक्षकांसाठी सगळ्यात स्वस्त आणि छान गोष्ट म्हणजे प्रयोगाच्या पाऊण तास आधी त्यांना स्टेजवर बोलावणं. सेटला हात लावू द्या, कपडे, तलवारी हातात द्या, प्रत्येक नटाने आपल्या आवाजात पात्राचं नाव सांगायचं. मग नाटक चालू असताना कोण बोलतंय ते कळतं.

एखादा प्रयोग निवांत ठेवा: प्रेक्षागृहात मंद उजेड, मोठे आवाज कमी केलेले, मधे उठून बाहेर जायला, आवाज करायला परवानगी, बाहेर एक शांत खोली. ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक, लहान बाळवाले, सगळ्यांना तो चालतो. फक्त नटांना आधी सांगा की प्रेक्षकांतून कोणी बोललं तर थबकायचं नाही.

व्हीलचेअरची जागा फक्त शेवटच्या रांगेत नको, आणि बरोबरच्याची खुर्ची शेजारी, मागे नाही.

सावधान : आग लागली तर कोणाला कोण बाहेर काढणार याची नावं लिहून तालीम करा. लिफ्ट बंद असते तेव्हा. बहिरा नट ग्रीन रूममधे किंवा टॉयलेटमधे एकटा असेल तर अलार्म त्याला ऐकू येणार नाही, त्याच्याकडे जायची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाची.

प्रसिद्धीचं एकच. "अपंगत्वावर मात करून रंगमंचावर" असलं काही बातमीत जाऊ देऊ नका, लिहिलेला मजकूर त्या कलाकाराला आधी दाखवा. तो बहुतेक वेळा सांगतो की नाटकाचं नाव आणि वेळ मोठी टाका.

पायरी ९ : पडदा पडल्यावर

आठ दिवसांत सगळ्यांना विचारा काय अडलं, लेखी किंवा फोनवर, जमेल तसं, आणि दिग्दर्शक समोर नसताना. पायरी ३ मधे मोजलेली मापं, युनिकोडमधली संहिता, दुभाष्यांचे नंबर, लाल दिवा आणि त्याची वायर एका खोक्यात घालून वर यादी चिकटवा. ते खोकं नेपथ्याच्या सामानात टाकू नका, तिथे ते रंगाच्या डब्यांखाली जातं आणि पुढच्या नाटकाला कोणीतरी परत थाप मारून क्यू देतं.